पगाराची तारीख कोणाच्या हाती?

शासकीय आणि निमशासकीय नोकरांच्या वेतनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती जवळजवळ सगळी रकमेची असते. सातव्या वेतन आयोगाने किती दिले, महागाई भत्ता कुठवर गेला, न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा केंद्राचा आठवा आयोग काय सुचवील आणि राज्य ते केव्हा स्वीकारील, हेच प्रश्न एसटीच्या थांब्यापासून विधानभवनापर्यंत विचारले जातात. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ या कोकण किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांच्या लेखा शाखेत गेला. तिथे रकमेवरून भांडणारी माणसे मी पाहिली, पण तारखेपायी हैराण झालेली माणसे त्याहून कितीतरी अधिक पाहिली. म्हणून आज मी एवढाच प्रश्न घेणार आहे: मंजूर झालेले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर त्याचा जाब शासनातर्फे कोणी द्यायचा?

प्रथम पगार येतो कसा ते पाहू. तहसील कचेरीतल्या लिपिकाचे देयक ‘सेवार्थ’ प्रणालीत तयार होते, आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून वाटणारा अधिकारी, त्यावर सही करतो, ते कोषागारात जाते आणि पैसे थेट बँकेत जमा होतात. ही वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक ‘शालार्थ’मध्ये देयक भरतात, ते जिल्ह्याच्या वेतन पथकाकडे आणि तिथून कोषागाराकडे जाते. जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा आरोग्यसेविका यांचा पगार राज्याच्या अनुदानावर अवलंबून असतो, आणि संबंधित लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या खात्याखाली, ते अनुदान वितरित झाल्याखेरीज जिल्हा परिषदेचा मुख्य लेखा व वित्त अधिकारी फारसे काही करू शकत नाही. वरच्या कुणग्याचा बांध फोडल्याशिवाय खालच्या कुणग्यात पाणी उतरत नाही, तसेच हे आहे. फरक इतकाच की शेतात पाणी कोणी अडवले ते सगळ्या वाडीला दिसते. पगाराच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला सही आहे. माणूस खरा आहे, रक्कम बरोबर आहे, तरतूद शिल्लक आहे, या प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी स्वतःच्या नावाने बांधलेला आहे, आणि तसे असलेच पाहिजे. नागपूर विभागात 2025 मध्ये उघडकीस आलेल्या बोगस शालार्थ क्रमांकांच्या प्रकरणाने ढिल्या सह्यांचा परिणाम सर्वांना दाखवला. परंतु हे पैसे अमुक तारखेला पोचतील, याखाली कोणाचीही सही नसते.

तारखेला कायद्यात काही किंमत आहे का, असे मला सहकारीच विचारत. करोनाच्या सुरुवातीला, मार्च 2020 च्या वेतनाबाबत, आपल्या राज्याने लोकप्रतिनिधींना 40 टक्के, अ आणि ब वर्गाला 50 टक्के, क वर्गाला 75 टक्के आणि ड वर्गाला पूर्ण वेतन, असे जाहीर केले. ही कपात नसून उरलेला भाग नंतर मिळेल, असा खुलासाही झाला. त्याच सुमारास आंध्र प्रदेशाने वेतन आणि निवृत्तिवेतनाचा काही भाग लांबणीवर टाकला. ते प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने लावलेले 12 टक्के व्याज सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये 6 टक्क्यांवर आणले, पण व्याज द्यावेच लागेल, हे कायम ठेवले. मला या निकालातले महत्त्वाचे वाटते ते असे की, सरकारला दंड करण्याचा न्यायालयाचा हेतू नव्हता, सरकारची अडचणही त्याने विचारात घेतली, आणि तरीही उशिराची भरपाई करावी लागेल असे सांगितले. आपल्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतही प्रशासकीय दिरंगाईमुळे उपदान (ग्रॅच्युइटी) रखडले तर व्याजाची तरतूद आहे. व्यवहारात मात्र हे व्याज मागणाऱ्यालाच मिळते, तेही बहुधा न्यायाधिकरणाची पायरी चढल्यावर, आणि ते सरकारी तिजोरीतून जाते. ज्याच्या टेबलावर कागद पडून राहिला, त्याला त्याची झळ क्वचितच लागते. करदात्याला दोनदा भुर्दंड पडतो, हे आपण नागरिक म्हणून कधी विचारात घेत नाही.

निवृत्तीच्या वेळी जे घडते त्यावर मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण दिरंगाई आणि अन्याय इथे एकत्र भेटतात. एखाद्या कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती वीस वर्षांपूर्वी त्याच्या कार्यालयाने केलेली असते. त्यात एक वेतनवाढ चुकून जास्त लागलेली असते. सेवापुस्तकाची पडताळणी वेळोवेळी व्हायला हवी, पण ते पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते निवृत्तीच्या तोंडावर. मग आक्षेप निघतो, मागे जाऊन हिशेब होतो आणि सारी वसुली उपदानातून करण्याचा आदेश येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात, अशी वसुली कोठे करता येणार नाही हे सांगून ठेवले आहे: क आणि ड वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून नाही, निवृत्तांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नाही, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम दिली गेली असेल तरीही नाही. हा निकाल लेखा शाखेला पाठ असतो. पण 2016 मध्ये त्याच न्यायालयाने, जास्तीची रक्कम परत करीन असे वचनपत्र दिलेल्या एका न्यायिक अधिकाऱ्याबाबत वसुली योग्य ठरवली, आणि तेव्हापासून प्रत्येक वेतननिश्चितीच्या वेळी घेतलेले ते छापील वचनपत्र धारिकेतून (फाइलीतून) बाहेर काढले जाते. वचनपत्रावर सही न केल्यास नवी वेतनश्रेणीच लागत नसेल, तर ती सही किती मोकळेपणाने झाली, हे ज्याचे त्याने ठरवावे. चूक कार्यालयाची, पडताळणीतला उशीरही कार्यालयाचा, आणि पैसे मात्र शिपायाच्या उपदानातून, याला हिशेब म्हणता येईल. उत्तरदायित्व म्हणता येणार नाही.

कोकणात यात भूगोलाची भर पडते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे महसुलासाठी कोकण विभागात, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनाकडे; शिक्षणासाठी कोल्हापूरच्या उपसंचालकांकडे; आणि राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी मुंबईच्या महालेखापालांकडे. देवगडच्या माध्यमिक शिक्षकाला एका कामासाठी घाट चढावा लागतो आणि दुसऱ्यासाठी कोकण रेल्वेची रात्रगाडी धरावी लागते. ऑनलाइन प्रणाली आल्या तरी त्रुटी लावून परत आलेला कागद अजून माणसालाच न्यावा लागतो, आणि जुलैत घाटात दरड आली की तोही थांबतो.

वैद्यकीय प्रतिपूर्तीचे, म्हणजे उपचारांचा खर्च परत मिळण्याचे, तसेच. सावंतवाडी किंवा दोडामार्गच्या कर्मचाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, तर घरचे त्याला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नेतात, कारण तेच जवळ आहे. उपचार राज्याबाहेर झाले, एवढ्यावरून पुढे प्रश्न सुरू होतात. नियम 1961 चे आहेत. 2005 च्या शासन निर्णयाने 27 आकस्मिक आणि 5 गंभीर आजारांची यादी घातली. देयक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित व्हायचे, मग रकमेप्रमाणे सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मंजुरी आली तरी त्या लेखाशीर्षावर तरतूद असेल तेव्हाच पैसे. घरात लग्न असावे आणि त्याच वेळी बायपासचे कर्ज फेडत बसावे, अशी कुटुंबे मी एकाहून अधिक पाहिली आहेत. इथे आपल्याच राज्याचा 2005 चा कायदा आठवावासा वाटतो. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा हा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याने धारिका सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ स्वतःकडे ठेवू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसेल तर 45 दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत अंतिम निर्णय व्हावा. बदल्यांचा भाग सर्वांना ठाऊक आहे, कारण मे महिन्यात त्यावर मंत्रालय हलते. विलंबाचा भाग त्याच पुस्तकात असून कोणी उघडत नाही.

निवासस्थानांविषयी एकच सांगतो. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव घरभाडे भत्त्यासाठी मागितला जातो, पण राहण्याजोगे घर त्या गावात आहे का, याचा दाखला शासनाकडून कोणी मागत नाही. आपल्या पावसात दोन वर्षे डागडुजी न झालेले आरोग्य केंद्राचे निवासस्थान कसे होते, हे इथे बसलेल्या परिचारिका मला सांगू शकतील.

आता जे कर्मचारी म्हणून गणलेच जात नाहीत त्यांच्याकडे येऊ. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 पासूनची. तिच्या सेविकांना उपदानाचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 मध्ये सांगावे लागले. रुग्णालयातले सफाई कामगार, संगणक चालक, सुरक्षारक्षक हे पुरवठादार संस्थांमार्फत घेतले जातात. नऊ संस्थांमार्फत अशी भरती करण्याचा सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय विरोधामुळे पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला, पण पद्धत राहिली. पगार थकला की कार्यालय म्हणते, ठेकेदाराला विचारा; ठेकेदार म्हणतो, कार्यालयाने माझे देयक काढलेले नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने या वादावर पडदा टाकला होता: ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकाने द्यावे आणि ते ठेकेदाराकडून वसूल करावे. नव्या कामगार संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. इथे मूळ मालक म्हणजे ते शासकीय कार्यालय. ठेका देताना शासन काम दुसऱ्याकडे सोपवू शकते, वेतनाचा जिम्मा सोपवू शकत नाही, आणि हे कलम माहीत नसलेला कार्यालयप्रमुख मला निष्काळजी वाटतो.

एसटीचा दाखला याच मुद्द्यासाठी देतो. 2021 च्या दिवाळीपासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेला तो संप एसटी महामंडळाच्या राज्य शासनातल्या विलीनीकरणाच्या मागणीचा होता, आणि त्या काळात आपल्या वाड्यावस्त्यांचे काय हाल झाले ते आपण भोगले आहे. त्या वाटाघाटींत सरकारने पगारवाढीबरोबर दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत पगार देण्याची हमी दिली. संप पुकारल्यावर तारीख देता येते, तर आधी का देता येऊ नये?

काही श्रोते मनात म्हणत असतील की सरकारी नोकरांना पुरेसे मिळते, त्यांच्या उशिराची आम्हाला काय पडली आहे. हा राग अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. दाखल्यासाठी तुम्हाला ज्यांनी हेलपाटे घालायला लावले, त्यांच्याच पगाराची काळजी तुम्ही का करावी? परंतु लोकसेवा हक्क कायदा 2015 ने तुमच्या दाखल्याला मुदत घातली, आणि मुदत मोडणाऱ्याचे नाव व दंड ठरवला. तीच रीत कार्यालयाच्या आतल्या कामांना लावली, तर टेबलावर कागद अडवण्याची सवय आतूनच मोडू लागेल.

यासाठी नवा कायदा नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहेच. त्याच तक्त्याला आणखी चार रकाने जोडावेत: देयक केव्हा सादर झाले, अनुदान केव्हा आले, पैसे केव्हा जमा झाले, आणि प्रलंबित असेल तर ते आज कोणत्या पदाच्या टेबलावर आहे. व्यक्तीच्या आजाराची किंवा कर्जाची माहिती त्यात येण्याचे कारण नाही. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांत प्रशासक बसले, आणि अर्थ समितीत हा प्रश्न विचारणारे सदस्यच काही वर्षे उरले नाहीत. तेव्हा तर असा तक्ता भिंतीवर असणे अधिकच गरजेचे होते. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा ती लेखापरीक्षणातल्या जुन्या रकमांचे खुलासे मागते. तिच्यापुढे जाणाऱ्या निवेदनांत संघटनांनी या वेळी प्रलंबित प्रतिपूर्ती देयकांची तारीखवार यादी जोडावी, आणि दिरंगाईपोटी दिल्या गेलेल्या व्याजापैकी किती रक्कम संबंधितांकडून वसूल झाली, एवढे एकच लेखी उत्तर मागावे.