शेवटची बस किती वाजता?

नमस्कार श्रोतेहो.

शहराबाहेर स्वस्तात घर मिळालं, असं ओळखीतलं कुणी आनंदानं सांगतं तेव्हा मी अभिनंदन करते आणि लगेच विचारते, "तिकडे शेवटची बस किती वाजता?" बरेचदा समोरचा चेहरा तिथंच उतरतो. विचारायला जिवावर येतं, पण ते घर खरंच स्वस्त पडलं की नाही हे त्या उत्तरावरच ठरतं.

कार्यालयांची साफसफाई करणाऱ्या एखाद्या बाईंचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कर्मचारी यायच्या आत काम उरकायचं, म्हणून त्या अंधारातच घर सोडतात. पहिली बस अर्ध्या वाटेपर्यंत. तिथून दुसरी, तिचं तिकीट वेगळं. परतताना पाळणाघरातून मुलाला घ्यायचं म्हणून मध्येच उतरायचं, की पुन्हा तिसरं तिकीट. कडेवर झोपलेलं मूल, खांद्याला पिशवी, थांब्यावर ना छप्पर ना दिवा. एक बस चुकली तर पुढची कधी, ते सांगायला कुणी नाही. शहराच्या मध्यात भाडं झेपेना म्हणून त्या लांब राहायला गेल्या, आणि भाड्यात वाचलेले पैसे असे रोज रस्त्यात सांडतात. रस्त्यात गेलेल्या तासांचा हिशेब तर कुठल्याच वहीत नसतो.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की घरभाडं आणि प्रवासखर्च एकाच ओळीत मांडायला हवेत. कुटुंबाच्या खिशातून ते एकत्रच जातात. सरकारी दफ्तरात मात्र घरांचं खातं वेगळं, वाहतुकीचं वेगळं.

ही खाती एकमेकांशी बोलली नाहीत की काय होतं, ते मेक्सिकोनं पाहिलंय. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथं कामगारांना कर्जं देऊन शहरांच्या पार कडेला घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. जमीन तिथं स्वस्त होती. २०१० च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख घरं रिकामी आढळली. सगळीच काही अंतरामुळे ओस पडली नव्हती. पण कामापासून, शाळेपासून तुटलेल्या त्या वसाहतींतून अनेक कुटुंबं हप्ते अर्धवट टाकून निघून गेली, हेही खरं.

आता उलटी बाजू. लांबच्या वस्तीपर्यंत अखेर मेट्रो येते. लोक खूश होतात. वर्ष-दोन वर्षांत घरमालक भाडं वाढवतो, जुनी घरं पाडून महागडे मजले चढतात, आणि ज्यांच्यासाठी म्हणून ती मेट्रो आणली तेच आणखी लांब फेकले जातात. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. जमिनीचा भाव मेट्रोमुळे वाढला, मेट्रो सगळ्यांच्या पैशातून झाली, आणि वाढीव भाव मात्र सातबारावर ज्याचं नाव त्याचा. हाँगकाँगनं स्टेशनांवर आणि भोवती इमारती उभारून हा वाढीव भाव रेल्वेकडे वळवला, त्याचं कौतुक होतं आणि व्हावंही. पण तिथली घरं जगातल्या सर्वांत महाग घरांत मोडतात. तेव्हा भाव वसूल करणं वेगळं आणि त्यातून गरजूंना घर मिळणं वेगळं.

ऑस्ट्रियाच्या राजधानीनं, व्हिएन्नानं, घरांपासूनच सुरुवात केली. १९२३ मध्ये नगरपालिकेनं घरबांधणीसाठी खास कर बसवला. आलिशान घरांवर जास्त, साध्या घरांवर नाममात्र. त्या आणि इतर करांच्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं झाली. त्यातली कार्ल-मार्क्स-होफ ही इमारत १९३० ची. एक किलोमीटरहून लांब, १३८२ घरं, आत बालवाड्या, धुलाईघरं, वाचनालय. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रामचे चार थांबे लागतात, आणि समोरच रेल्वे स्टेशन! कामगारांना शहराच्या कोपऱ्यात ढकलायचं नाही, हे त्या नकाशातच दिसतं. आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं भाड्यानं दिलेली आहेत.

प्रत्येक शहराला व्हिएन्ना होता येणार नाही, पण काही गोष्टी लवकर जमण्यासारख्या आहेत. ठरावीक वेळेत कितीही बस बदला, तिकीट एकच. पॅरिस परिसरात २०१५ पर्यंत जो जितका लांब त्याला पास तितका महाग असायचा. त्या वर्षी सगळ्या पट्ट्यांसाठी मासिक पासाचा दर एकच केला. लांब राहणं ही हौस नसते, हे मान्य केल्याशिवाय असा निर्णय होत नाही.

फ्रान्समध्येच २००० साली कायदा झाला, की मोठ्या शहरी भागातल्या गावांत किमान २० टक्के घरं सामाजिक भाड्याची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा भाड्याची हवीत. पुढे बहुतेक ठिकाणी हे प्रमाण २५ टक्के झालं. काही श्रीमंत गावं घरं बांधण्याऐवजी दरवर्षी दंड भरत राहिली. "आमच्या शेजारी नको" ही वृत्ती कायद्यालाही पुरून उरते. आपल्या इमारतीचा जिना झाडणारी, आपल्या आजारी आईला रात्री औषध देणारी माणसं झोपायला कुठं जातात, हे स्वतःला विचारून बघावं.

नव्या मार्गाचा नकाशा हरकती-सूचनांसाठी लागला, की स्टेशनच्या प्रत्येक ठिपक्याकडे बोट दाखवून विचारा : याच्याभोवतीची जमीन कोणाची, आणि त्यातली किती परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी आत्ताच राखून ठेवली? आत्ताच, कारण गाडी सुरू झाल्यावर ती जमीन पालिकेलाही परवडत नाही. दुसरं विचारा, रात्रपाळी सुटल्यावर घरी जायला बस आहे का? सुनावणी बहुधा कामाच्या दिवशी, भर दुपारी असते. साफसफाईच्या कामावरच्या त्या बाईंना येणं जमणार नाही. लेखी हरकत चालत असेल, तर त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तुमच्या हरकतीसोबत दाखल करा.

नमस्कार.