रिसेप्टरमधला एक बदल आणि एक ठरावीक जंतू

‘याची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. जनुकांच्या पातळीवर या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. बदल कोणत्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे जंतूची खूण ओळखणाऱ्या पेशीतल्या कोणत्या प्रथिनात आहे आणि तो रिसेप्टर कोणता जंतू ओळखतो, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

अशा रिसेप्टरांचं एक कुटुंब म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर (टीएलआर); माणसात ते दहा प्रकारचे. टीएलआर-४ ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस हे विष, ओळखतो. टीएलआर-५ जिवाणूंच्या कशाभिकेतलं (पोहण्याच्या शेपटीतलं) फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो, तर टीएलआर-३ विषाणूंचा दुपदरी आरएनए. उंदरांची एक जात एलपीएसच्या मोठ्या मात्रेनंही मरत नाही, हे जुनं कोडं होतं. ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं १९९८ मध्ये ते उलगडलं: टीएलआर-४ मध्ये ७१२ व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलं होतं, बस एवढंच. पण विषाला दाद न देणारे हेच उंदीर जिवंत साल्मोनेलाच्या थोड्याशा जिवाणूंनी मरतात. शत्रू आल्याची वर्दीच पोचत नाही, त्यामुळे जिवाणू बिनधास्त वाढत राहतात.

माणसांमध्ये असा संबंध सिद्ध करणं फार कठीण. आजारी नसलेला माणूस जनुकांमुळे वाचला की जंतू त्याच्यापर्यंत पोचलाच नाही? बहुतेक अभ्यास इथेच फसतात. म्हणून नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेलच्या १९९९ च्या पुष्पप्रदर्शनाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे लीजनेला या हवेतल्या तुषारांतून पसरणाऱ्या, न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूची मोठी साथ आली. तुलनेसाठी निरोगी माणसं निवडली ती त्याच प्रदर्शनात काम करणारी, म्हणजे त्याच हवेत श्वास घेतलेली. टीएलआर-५ मध्ये ३९२ व्या जागी थांबा-संकेत (प्रथिन अर्धवटच तोडणारा बदल) असलेली माणसं रुग्णांमध्ये जास्त निघाली. दोनपैकी एकच प्रत सदोष असली तरी परिणाम दिसतो, कारण अपुरं प्रथिन चांगल्या प्रतीच्या कामातही अडथळा आणतं. हा बदल दुर्मीळ नाही, आणि तो असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. जोखीम वाढते, भविष्य ठरत नाही.

बदल नेहमी तोट्याचाच असतो असंही नाही. सीसीआर-५ हा पेशीवरचा रिसेप्टर एचआयव्ही आत शिरायला वापरतो. त्याच्या जनुकातून डीएनएची ३२ अक्षरं (बेस) गळालेल्या दोन प्रती असतील, तर या रिसेप्टरवाटे शिरणाऱ्या एचआयव्हीला पेशीचं दार बंद होतं. सीएक्ससीआर-४ हा दुसरा रिसेप्टर वापरणाऱ्या एचआयव्हीच्या प्रकारांना मात्र ते उघडंच राहतं. शिवाय याच माणसांना डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचा त्रास अधिक होतो.

काही वेळा रिसेप्टर धड असतात, पण त्यांचा निरोप पुढे नेणारं प्रथिन नसतं. इराक-४ किंवा मायडी-८८ या अशा निरोप्या प्रथिनांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या मुलांना न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकसचे जीवघेणे संसर्ग वारंवार होतात. निदानासाठी ताज्या रक्तातल्या पेशींना जंतूंचे वेगवेगळे घटक देऊन इंटरल्युकिन-६ सारखी सायटोकाइन्स, म्हणजे पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिनं, मोजतात. टीएलआर-३ चा मार्ग मायडी-८८ वर अवलंबून नसल्यानं तो प्रतिसाद शाबूत राहतो.

या चाचणीत एक चूक वारंवार होते. बाजारातल्या साध्या एलपीएसमध्ये जिवाणूंच्या लायपोप्रथिनांची भेसळ असते आणि ती टीएलआर-२ ला चेतवते. त्यामुळे टीएलआर-४ निकामी असलेल्या पेशीही प्रतिसाद देताना दिसतात आणि दोष नजरेतून सुटतो. फिनॉलनं पुन्हा शुद्ध केलेलं एलपीएसच वापरावं, आणि सोबत निरोगी व्यक्तीचं त्याच दिवशी काढलेलं रक्तही तपासावं.

इराक-४ ची कमतरता असलेल्या मुलाला गंभीर संसर्गातही सुरुवातीला ताप कमी येतो आणि सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) उशिरा वाढतं, कारण हे दोन्ही घडवणारे संदेशच अडलेले असतात. अशा मुलाच्या बाबतीत तापाची वाट पाहू नये. नुसत्या संशयावरून नमुना घेऊन लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू करावं. न्यूमोकोकसची लस आणि रोजचं प्रतिबंधक प्रतिजैविकही हवं. किशोरवयानंतर हे संसर्ग बरेच कमी होतात, म्हणून ही आधीची वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळायची असतात.