‘माका बरा वाटणा नाय’: डॉ. विक्रम पटेल यांचं संशोधन आणि आपला किनारा

(सावंतवाडीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पहिल्या रांगेत आशाताई आणि आरोग्यसेविका बसल्या आहेत. त्यांना मी आग्रह करून पुढे बसवलंय, कारण आजचा विषय सगळ्यांत जास्त त्यांचा आहे.

मी या तालुक्यात एकतीस वर्षं प्रॅक्टिस केली. दवाखान्यात बायका यायच्या आणि सांगायच्या, ‘डॉक्टरीणबाई, आंगात तरान नाय. काळीज धडधडता. झोप लागणा नाय.’ मी बीपी बघायची, रक्त तपासायची, लोहाच्या गोळ्या द्यायची, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन द्यायची. पंधरा दिवसांनी तीच बाई, तीच तक्रार. रिपोर्ट नॉर्मल आले की मी म्हणायची, ‘तुला काहीच झालेलं नाही.’ हे वाक्य मी कितीजणींना ऐकवलं, त्याचा हिशोब नाही. आज त्याची खंत वाटते. तिला काहीतरी झालेलं होतं. मला ते विचारता येत नव्हतं.

विचारायचं कसं, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते इथून जवळच झालेल्या कामातून. बांदा सोडलं, पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. आपल्याकडे पेशंट हाताबाहेर गेला की सगळे म्हणतात, ‘बांबोळीक न्या’, म्हणजे गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. ती वाट आपल्या पायाखालची आहे. पण त्याच गोव्याच्या साध्या आरोग्य केंद्रांमध्ये मनाच्या आजारांवर जे संशोधन झालं, जे आज जगभर शिकवलं जातं, ते नाक्याच्या अलीकडे फारसं आलं नाही. म्हणून आज ते संशोधन करणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल.

पटेल मुंबईत डॉक्टर झाले, पुढे इंग्लंडमध्ये मानसोपचार शिकले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते झिंबाब्वेत गेले. डिप्रेशन हे पाश्चात्त्यांचं दुखणं, गरीब देशांत त्याला तसा अर्थ नाही, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. पटेलांनाही तशी शंका होती. तिथे त्यांनी काय केलं, तर ते पारंपरिक उपचार करणाऱ्यांशी बोलले, नर्सेसशी बोलले, आजारी माणसांना त्यांचं दुखणं त्यांच्याच भाषेत सांगायला लावलं. शोना भाषेत एक शब्द पुन्हा पुन्हा आला: कुफुंगिसिसा. म्हणजे फार विचार करणं. डोक्यात विचारांचा भुंगा लागणं. या लोकांना ‘डिप्रेशन’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण झोप न लागणं, कशात जीव न रमणं, रडू येणं, सगळं तेच होतं. अशा बोलींतून त्यांनी चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली बनवली. पुढे हरारेच्या डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्यांच्या आवारात बाकं टाकली, त्यांवर आज्यांना बसवलं आणि समोरच्याचं ऐकून घ्यायला शिकवलं. त्या ‘मैत्रीच्या बाकां’वर हीच प्रश्नावली वापरली गेली.

आता आपल्याकडचं बघा. आपली माणसंही गुरवाकडे जातात, देवाक गाऱ्हाणा घालतात, कोणी बाधा झाली म्हणतं. डॉक्टर लोक त्यावर नाक मुरडतात, मीही मुरडलं. पण त्या गाऱ्हाण्यात माणूस आपल्या आजाराची जी गोष्ट सांगतो, ती आमच्या केस पेपरवर कधी येत नाही. पटेलांनी ती गोष्ट आधी ऐकली आणि मग मोजमाप केलं. त्यांच्या सगळ्या कामात मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

1996 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था उभी केली. तिथला एक अभ्यास वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. विषय होता, बायका ‘अंगावरून पांढरं जातं’ अशी तक्रार का करतात. आम्ही जंतुसंसर्ग धरून चालायचो, गोळ्यांचा कोर्स द्यायचो. त्यांनी जवळजवळ अडीच हजार बायकांना विचारलं, तपासण्याही केल्या. 2005 मध्ये निष्कर्ष छापून आले. या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी आणि अंगभर जाणवणाऱ्या दुखण्यांशी जास्त घट्ट निघाला. संसर्ग नसतोच असं नाही, तपासणी हवीच. पण ज्या बाईला ‘माझा जीव गुदमरतोय’ असं म्हणायची घरात सोय नाही, ती दवाखान्यात येऊन चालेल अशी तक्रार सांगते. मी तिला गोळ्या देऊन परत त्याच घरी पाठवत होते.

त्याआधी, 2002 मध्ये, बाळंतिणींवरचा निबंध आला होता. गोव्यातल्या 270 आयांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी भेटले, तर शंभरात 23 जणींना डिप्रेशन. कारणं काय, तर पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं, आणि झालेली मुलगी. मुलगी झाल्याचं दुःख बाईचं एकटीचं नसतं, तिच्यावर ते लादलेलं असतं, आणि इथे ते आजाराच्या आकड्यात उतरलेलं दिसतं. आपल्याकडे बाळंतपणासाठी मुली माहेरी येतात. सव्वा महिना तेल, शेक, खीर, सगळं होतं. पण ती रात्री का रडते, असं कोणी विचारलं तर ‘दूध उतरेल, मग बरी होईल’ यावर गाडी थांबते.

आता मुख्य कामाकडे येते. आपल्या देशात लाख माणसांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. मग ऐकणार कोण? पटेलांचं म्हणणं असं की शेजारपाजारचं माणूस नीट शिकवलं तर तेही उपचार देऊ शकेल. हे बोलायला सोपं आहे. त्यांनी ते सिद्ध करून दाखवलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण तिथे आहे.

प्रयोगाचं नाव ‘मानस’, म्हणजे मनशांती सुधार शोध. गोव्यातली 24 ठिकाणं निवडली, बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. रुग्ण 2796. काही ठिकाणी स्थानिक मुलींना समुपदेशक म्हणून नेमलं. त्या पदवीधर होत्या, पण वैद्यकाचा गंध नव्हता. दोन महिने शिकवलं. त्या आजार समजावून द्यायच्या, बोलून उपचार करायच्या. गरज पडली तर डॉक्टर औषध द्यायचे, त्याहून वेळ आली तर तज्ज्ञ यायचे. बाकीच्या ठिकाणी नेहमीचे उपचार, फक्त तपासणीत काय निघालं ते डॉक्टरांना कळवलेलं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक होती तिथे सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे 66 रुग्ण बरे झाले होते. नव्हती तिथे 42-43.

आणि खासगी दवाखान्यांत? काहीच फरक नाही. समुपदेशक असो वा नसो, शंभरातले साधारण 65 बरे झाले.

हा आकडा वाचून मी अस्वस्थ झाले, कारण तो माझ्या बिरादरीचा आहे. फॅमिली डॉक्टरला पेशंटचं घर माहीत असतं, सासू माहीत असते, मुंबईतल्या मुलाचं काय चाललंय तेही माहीत असतं. हातात तपासणीचा कागद आल्यावर गोव्यातल्या त्या डॉक्टरांनी ही ओळख बहुधा वापरली, असं मी समजते. म्हणजे माझ्याकडेही ते सगळं होतं. कागद नव्हता आणि तो कागद मी कधी मागितला नाही. अर्धा प्रयोग चालला नाही हे पटेलांनी लपवलं नाही, चाललेल्या अर्ध्याइतक्याच ठळकपणे छापलं. संशोधकाचा प्रामाणिकपणा मी यावरून तोलते.

पुढचं काम मला आणखी आवडतं. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक काम सोडत जातो. फुलं वेचणं सुटतं, देवळात जाणं सुटतं, शेजारी बसणं सुटतं, आणि जितकं सुटतं तितकं मन अधिक खचतं. मग उलट दिशेनं जायचं. समुपदेशक त्या माणसाबरोबर बसून ठरवते: या आठवड्यात फक्त सकाळी परसवात जाऊन अबोलीला पाणी घालायचं. पुढच्या आठवड्यात काय जमलं, काय नाही, ते बोलायचं. अबोलीचं उदाहरण माझं, पद्धत त्यांची. तीस-चाळीस मिनिटांच्या सहा ते आठ भेटी, बस. गोव्याच्या दहा आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या 495 जणांवर ही पद्धत तपासली. 2017 चे आकडे असे की तीन महिन्यांनी 64 टक्के लोक आजारातून बाहेर आलेले, नेहमीच्या उपचारांवर 39 टक्के. त्याच वर्षी दारू पिणाऱ्या 377 पुरुषांवरचा अभ्यास डॉ. अभिजित नाडकर्णींच्या नावानं पुढे आला. तिथे फरक कमी: समुपदेशन मिळालेल्यांत शंभरातले 36 सावरले, बाकीच्यांत 26. पण ज्या घरात संध्याकाळ झाली की पोरं गप्प होतात, त्या घराला हे दहा विचारा.

या समुपदेशकांवर देखरेख कशी ठेवली? रुग्णाच्या परवानगीनं भेटींचं रेकॉर्डिंग करायचे आणि त्या एकमेकींचं काम ऐकून गुण द्यायच्या. पुढे तज्ज्ञाशिवायही त्यांना हे जमू लागलं.

पटेलांच्या प्रभावाबद्दल थोडक्यात सांगते. 2003 मध्ये त्यांचं ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’ हे पुस्तक आलं, नर्स आणि आरोग्यसेविकांसाठी साध्या भाषेत लिहिलेलं. 2007 मध्ये ‘लॅन्सेट’ची जागतिक मानसिक आरोग्यावरची लेखमाला निघाली, तिच्यामागे ते होते, आणि 2018 मध्ये त्याच नियतकालिकानं या विषयावर नेमलेल्या आयोगाचं नेतृत्व त्यांनी डॉ. शेखर सक्सेना यांच्याबरोबर केलं. 2015 मध्ये ‘टाइम’च्या शंभर प्रभावशाली व्यक्तींत नाव आलं. आज ते हार्वर्डला शिकवतात. मला स्वतःला हार्वर्डपेक्षा गोव्याची ती बारा केंद्रं मोठी वाटतात.

त्यांच्यावर टीकाही झाली. कोणी म्हणालं, पाश्चात्त्य आजारांची नावं गरिबांवर चिकटवताय. झिंबाब्वेतलं काम वाचलं तर हा आरोप मला अपुरा वाटतो. दुसरी टीका मात्र मी मानते: कर्ज, बेकारी, मार खाणारी बाई, यांवर सहा भेटींचा उतारा पुरत नाही. होडीचा हप्ता थकलेल्या माणसाला समुपदेशनाबरोबर हप्त्याची मुदतवाढही लागते. ते काम आपलं सगळ्यांचं आहे, ते समुपदेशकावर ढकलता येणार नाही.

आणि आशाताईंच्या वतीनं एक स्पष्ट बोलते. गोव्यातल्या त्या मुलींना हेच काम नेमून दिलेलं होतं, त्यासाठी प्रशिक्षण होतं, पाठीशी माणसं होती. तुमच्या हातात आणखी एक रजिस्टर देऊन ‘आता मनाचंही बघा’ म्हटलं, तर ते होणार नाही, आणि तसं कोणी म्हणालं तर तुम्ही नाही म्हणा. मानधन, वेळ आणि अडचणीला विचारायला तज्ज्ञ, एवढं आधी मागा. तोवर 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर घराघरांत लिहून ठेवा, तो चोवीस तास चालतो. जिवाचं बरंवाईट करण्याचं कोणी बोललं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा, आमच्याशी संपर्क करा, त्याला एकटं सोडू नका.

आता माझं बोलणं आवरते आणि तुमच्याकडून काम करून घेते. गोव्यात वापरली ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली मी आणली आहे, प्रती मागे टेबलावर आहेत. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. पुस्तकी मराठीत पहिला प्रश्न आहे, ‘कामांमध्ये रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं?’ गेल्या महिन्यात एका आजीला मी हा तसाच विचारला. ती म्हणाली, ‘रस आमचो आंब्याचो, तो मे म्हयन्यात.’ चूक माझी होती, प्रश्न तिच्या भाषेत नव्हता. मग मी म्हटलं, ‘आजी, कशात जीव रमता काय?’ ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘खयच नाय गे.’

‘जीव रमता काय’ हे बरोबर आहे, की देवगडकडे, वेंगुर्ल्याकडे वेगळं म्हणतात? मच्छीमार वाड्यांवर काय म्हणतात? आशाताई, तुम्ही सांगा, मी फळ्यावर लिहिते.