पाणी कोण वाटतं?

नमस्कार, श्रोतेहो.

फिरून घरी आलं की घरची माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. काय पाहिलं, आणि काय खाल्लं. त्याची उत्तरं माझ्याकडेही असतात. पण गेली बरीच वर्षं मी नव्या मुलखात पोचले की एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी पारावर नाहीतर ओट्यावर बसते आणि विचारते, "तुमच्याकडे पाणी कोण वाटतं?" धरण कुठं, विहिरी किती, हे सगळं मागाहून. आधी वाटणारा माणूस. या एका प्रश्नाचं बोट धरून मी खानदेशातून कांगड्याला, लडाखला, तमिळनाडूत आणि मेघालयात जाऊन आले. आज तुम्हालाही त्याच वाटेनं घेऊन जाते.

सुरुवात घरापासून करू. माझं आजोळ धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीच्या काठी. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, त्यातले काही तीन-चारशे वर्षांचे मानले जातात. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडलेले असतात. त्या भागाला फड म्हणतात. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. दरवर्षी गावानं बसून ठरवायचं. आणि यातली खरी मेख अशी, की बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. एखाद्या वर्षी नदीला पाणी कमी आलं, तर एक फड कोरडा ठेवायचा. तो कोरडा राहिला की झळ सगळ्यांनाच थोडी थोडी लागायची, एकट्याचं घर बुडायचं नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा बसवलं, त्याचं नाव कुठल्या शिलालेखावर नाही. मला मात्र वाटतं, हा माणूस किल्ला बांधणाऱ्याइतकाच मोठा होता.

या फडात आपल्या शेताला आपण पाणी द्यायचं नाही, ते पाटकऱ्याचं काम. आमच्या आजोळच्या पाटकऱ्याला आम्ही मुलं आबा म्हणायचो. सात-आठ वर्षांची असताना मी त्यांच्या मागे मागे पाटाच्या कडेनं चालायची. खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चारीचं तोंड फोडायला त्यांना दोन घाव पुरायचे. मग दुसऱ्या चारीवर मातीचं ढेकूळ टाकायचं, वर मूठभर गवत, पुन्हा माती, फावड्याच्या पाठीनं दोनदा थापटायचं आणि शेवटी टाच दाबायची. उन्हानं भेगाळलेल्या वाफ्यात पाणी शिरलं की पहिल्यांदा ते पुढं सरकतच नाही. भेगांत उतरतं, आतून बुडबुडे येतात, चुळचुळ असा बारीक आवाज होतो. श्रोतेहो, तो आवाज मला आज इथं ऐकवता आला असता तर फार बरं झालं असतं. मग आबा खालच्या शेताकडं तोंड करून हाळी द्यायचे, "पानी उनं रे भो!" आमच्या अहिराणीत, पाणी आलं रे भाऊ.

एकदा मामानं त्यांना गळ घातली. घरात लग्न होतं, पाहुणे यायचे होते, आपला वाफा आज उरकला तर बरं. मामा गावातला बरा सधन माणूस, आणि आबांचं वर्षाचं धान्य सुगीला त्याच्याही खळ्यावरून जायचं. आबांनी शांतपणे सांगितलं की नंबर परवाचा आहे, परवा येतो. मामाही पुढं काही बोलला नाही. लग्नाच्या दिवशी पहाटे आबा फावडं घेऊन आमच्या शेतात हजर होते, आणि पाणी देऊन झाल्यावर अंगावर धुतलेला सदरा घालून पंगतीला आले.

पुढं बऱ्याच वर्षांनी हिमाचलात कांगड्याला गेले. सगळे धौलाधारचे डोंगर पाहायला येतात, आणि पाहावेत असेच आहेत ते. सपाट शेतांतून एकदम उठतात, मध्ये पायथ्याच्या टेकड्यांची फारशी ओळ नाही. पण त्या डोंगरांचं बर्फ वितळून खाली येतं, ते ओढ्यांतून वळवून शेतात आणणारे जे पाट आहेत, त्यांना तिथं कूहल म्हणतात. कूहल सांभाळणाऱ्या माणसाला म्हणतात कोहली. वसंतात तो प्रत्येक घरातून माणूस गोळा करतो, गाळ काढून घेतो, ओढ्यातला दगडांचा बांध पुन्हा रचतो, पाण्याची पूजा करतो आणि मग पाळ्या लावतो. मोबदला धान्यात. ऐकताना मला राहून राहून आबा आठवत होते. ४ एप्रिल १९०५ ला कांगड्यात मोठा भूकंप झाला, सुमारे वीस हजार माणसं गेली. त्यात कूहलीही जागोजागी फुटल्या. ज्या गावांत घरं उभी नव्हती, त्या गावांनी त्या पुन्हा बांधल्या. शेती पाण्यावर आणि पाणी एकमेकांच्या हातांवर अवलंबून, मग दुसरं काय करणार?

तिथून वर लडाख. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. विमानातून पाहिलं तर सगळा मुलूख राखाडी आणि तपकिरी, मध्येच हिरव्या रेघा. त्या रेघा म्हणजे पाट. हिमनदीचं पाणी गावात आणणाऱ्या मोठ्या पाटाला लडाखी भाषेत मा-युर म्हणतात, म्हणजे आई-पाट. आईसाठीचा मा हा शब्द तिथं असा कानावर पडला की मराठी माणसाला क्षणभर आपल्याच गावात उभं राहिल्यासारखं होतं. रात्रभर झिरपत आलेलं पाणी साठवायला छोटी तळी असतात, त्यांना झिंग म्हणतात. आणि पाणी वाटणारा असतो चुरपोन. गाव त्याला नेमतं. जवाची पेरणी झाली की कुणाच्या शेताला कधी पाणी, हे त्याच्या शब्दावर. मला भेटलेला चुरपोन चाळिशीचा होता, डोक्यावर लोकरी टोपी, पायात रबरी बूट. बांधाला त्यानं गवताचा गड्डा मातीसकट ठेवला आणि टाचेनं दाबला. अगदी तसाच.

लडाखची अडचण वेगळी. पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मे महिन्यात, आणि उंचावरची हिमनदी नीट वितळते जूनमध्ये. म्हणजे गरजेच्या वेळी पाट कोरडा. चेवांग नॉर्फेल या लडाखी अभियंत्यानं यावर साधा उपाय काढला. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाच्या जवळ, कमी उंचीवर, दगडी बांध घालून अडवलं आणि सावलीत गोठू दिलं. कमी उंचीवरचं बर्फ आधी वितळतं, नेमकं पेरणीच्या वेळी. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी पुढं त्याच विचारावर बर्फाचे स्तूप उभारले. शाळा-कॉलेजातल्या मुलांना घेऊन लेहला जाणार असाल, तर पँगाँग तळ्यासाठी जितका वेळ काढाल त्यातला थोडा या बर्फासाठी ठेवा, ही माझी विनंती.

आता एकदम दक्षिणेला. तमिळनाडूत गावोगावी एरी आहेत. एरी म्हणजे तळं, पण आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं चौकोनी नाही. उतारावर अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घालायचा, वरून येणारं पाणी अडवायचं, आणि एक एरी भरली की तिच्या सांडव्यावरचं पाणी खालच्या एरीत. अशी माळ. राज्यात ३९,००० च्या वर तळी आहेत. चेंगलपट्टूजवळ मदुरांतकमला रामाचं देऊळ आहे, त्या रामाचं नावच एरी कात्त रामर, म्हणजे तळं राखणारा राम. तिथली माणसं सांगतात की अठराव्या शतकाच्या शेवटी एका पावसाळी रात्री बांध फुटायला आला असताना इंग्रज कलेक्टरला बांधावर धनुष्य घेतलेले दोघे पहारा देताना दिसले. आख्यायिका आहे. पण ज्या गावाला देवाकडून सर्वांत आधी तळ्याची राखण हवीशी वाटते, त्या गावाचं मन तिच्यात उघडं पडतं.

त्याच भागात उत्तिरमेरूर आहे. तिथल्या देवळाच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातला, इ. स. ९२० च्या सुमाराचा लेख आहे. गावच्या समित्या कशा निवडायच्या ते त्यात कोरलेलं आहे. ताडपत्रावर नावं लिहायची, मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. ज्यानं आधी समितीवर असताना हिशेब दिला नाही, त्याचं नाव मडक्यात टाकायचं नाही, त्याच्या नातेवाइकांचंही नाही. या समित्यांत एक होती एरी वारियम, तळ्याची समिती. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला. अकराशे वर्षांपूर्वी तळ्याचा हिशेब दगडावर!

पण श्रोतेहो, इथं मला थांबायला हवं. कारण उत्तिरमेरूरच्या त्या सभेत बसणारे होते ब्राह्मण जमीनमालक. आणि एरीचं पाणी प्रत्यक्ष वाटणारा, रात्री-अपरात्री पावसात बांधावर फिरून मडाई, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडझाक करणारा नीरकट्टी, तो बहुतेक गावांत दलित असे. कर्नाटकात त्यालाच नीरगंटी म्हणतात, तिथंही बहुतेक तेच. नीरकट्टीला स्वतःची जमीन फारशी नसते, म्हणून तो पक्षपात करणार नाही, असं गाव म्हणायचं. किती विश्वास! साऱ्या शिवाराचं पाणी त्याच्या हातातून जायचं, आणि त्याच गावाच्या विहिरीला त्यानं हात लावलेला चालायचा नाही.

हे ऐकताना मराठी माणसाला महाड आठवल्याशिवाय कसं राहील? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. तळं मात्र बंदच राहिलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. रायगड पाहायला जाणारे बहुतेक सगळे महाडवरून जातात. गाडी थोडी वळवा आणि त्या तळ्याच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसा. पाण्याचा वारसा म्हणायचा, तर त्यात हे आलंच पाहिजे.

जैसलमेरच्या बाजूला वाटायला पाणीच नाही असं वाटेल, पण तिथल्या माणसांनी पाण्याचे तीन प्रकार केलेत. पावसाचं वरचं ते पालर, खोल विहिरीतलं ते पाताल, आणि या दोहोंच्या मधलं, वाळूत अडकून राहिलेलं ओलेपण, ते रेजाणी. खाली खडियाचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दगडाचा, थर असेल तिथंच ते टिकतं, आणि ते गोळा करायला अगदी अरुंद तोंडाची कुई खणतात. दिवसभरात दोन-चार घडे झिरपतात. मेघालयात नेमकं उलटं. सोहरा, म्हणजे आपलं चेरापुंजी, तिथं वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि हिवाळ्यात बायका पाण्यासाठी वणवण करतात, कारण सगळं उतारावरून खाली बांगलादेशाकडं निघून गेलेलं असतं. शेतात काम करताना खासी बायका पाठीवर बांबू आणि पानांचं जे कनुप घेतात, ते पाहिलं आणि मी गाडी थांबवली. आपल्या कोकणातलं इरलंच ते! तिथून पुढं जैंतिया टेकड्यांत बांबूच्या पन्हळींतून पानवेलींना पाणी देतात. ओढ्यातून मिनिटाला अठरा-वीस लिटर पाणी पन्हळीत शिरतं, आणि वाटेत बांबूच्या फाट्यांतून वाटलं जात जात वेलीच्या मुळाशी थेंबाथेंबानं पोचतं. तिथं पाटकरी दिसला नाही. बांबूच पाटकरी.

शेवटी परत महाराष्ट्रात, पण पार दुसऱ्या टोकाला. भंडारा-गोंदियात मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं ही तळी बांधली, धानासाठी. कांगड्यातला कोहली आणि भंडाऱ्यातले कोहळी यांचं काही नातं असेल असं मी म्हणत नाही, पण नावातला सारखेपणा ऐकून मी दोन दिवस तेच घोळवत बसले होते. १९५० नंतर मालगुजारी गेली, तळी सरकारकडं आली, गाळ भरत गेला आणि काठाला बेशरम माजली. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची झुडपं, कापली तितकी वाढणारी. या तळ्यांवर मासेमारी करून जगणारे ढिवर. त्या समाजातल्या बायकांनी काही गावांत गट केले, कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली, पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मरळीसारखे गावरान मासे परत येऊ लागले.

एका तळ्याच्या पाळीवर मी अशाच एका मावशींना माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी उथळ अंगाला रोवलेला एक बांबू दाखवला. त्याला लाल चिंधी बांधलेली होती. दिवाळीच्या आधी धानाला शेवटचं पाणी लागतं तेव्हा शेतकरी तळं पार तळापर्यंत उपसायचे आणि मासे मरायचे. आता दोन्हीकडच्या माणसांनी बसून ठरवलंय, चिंधीच्या खाली पाणी उतरलं की तोंड बंद. "धानाचा वाटा वर, मासोळीचा खाली," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून पुन्हा पाण्यात उतरल्या. बांबू थोडा कलला होता, तो त्यांना सरळ करायचा होता.

नमस्कार.