चार कोअर, एक वही

(कळवा. रात्र. खिडकीबाहेरून लोकल धडधडत जाते. टेबलावर जुना लॅपटॉप.)

या लॅपटॉपला चार कोअर आहेत, म्हणजे प्रोसेसरमध्ये हिशेब करणारे चौघे. माझा प्रोग्राम एकालाच राबवतो, तिघे नुसते बसून. एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या मोजायच्या आहेत. उत्तर आधीच माहीत आहे, ६,६४,५७९. सरावाला हेच घेतलं, कारण इथे चुकीला लपायला जागा नाही.

सी भाषेत ओपनएमपीची, म्हणजे काम कोअरांत वाटून देणाऱ्या सोयीची, एक ओळ वाढवली आणि काम चौघांत वाटलं. उत्तर कमी आलं. पुन्हा चालवलं, तर कमीच, पण आकडा वेगळा.

(जांभळी नाका. टेम्पोतून पोती उतरतायत.)

समजा, इथे दोघं जण एकाच वहीत पोती मोजतायत. एकाने पाहिलं, पन्नास. त्याच क्षणी दुसऱ्यानेही पाहिलं, पन्नास. दोघांनीही एक्कावन्न लिहिलं. पोती उतरली दोन, वहीत चढलं एक. 'एक मिळव' हे आपल्या लेखी एक काम. प्रोसेसरच्या लेखी तीन. आकडा आणा, वाढवा, परत ठेवा. मध्ये दुसरा घुसला की हिशेब बुडाला. याचं नाव रेस कंडिशन.

चूक पकडायला मध्येच आकडा छापून बघितला, तर उत्तर चक्क बरोबर! छापायच्या दारात एका वेळी एकालाच प्रवेश. तिथे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे, रांगेत उभे राहतात, मग एकमेकांच्या पायात येत नाहीत. छपाई काढली, चूक हजर. दोन रात्री मी स्वतःलाच वेड्यात काढत होतो.

शेवटी प्रत्येकाला वेगळी वही दिली आणि चार बेरजा सरतेशेवटी एकत्र केल्या. ओपनएमपीत याला रिडक्शन म्हणतात. ६,६४,५७९!

(जुने प्रोसेसर, हातात.)

ही कटकट प्रोग्रामरच्या गळ्यात पडली ती उष्णतेमुळे. वेग वाढवत न्यावा तर चिप तापते. २००४ मध्ये इंटेलने आपला पुढचा एक-कोअर पेंटियम सोडून दिला. २००५ मध्ये घरच्या संगणकांत दोन कोअर आले.

(ठाणे स्टेशन, सकाळ. पुलाच्या जिन्यावर गर्दी.)

उत्तर जमलं, पण वेग तिप्पटही होईना. संशय आला संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालच्या नियमावर, १९६७ चा. गाड्या कितीही सोडा, जिना एकच असेल तर माणसं तिथेच तुंबणार. कामाचा दहावा भाग एकट्यानेच करायचा असेल, तर हजार कोअर लावूनही दहापटीपलीकडे जाता येत नाही.

पण माझा जिना तो नव्हताच. मी कोटीचे चार सारखे तुकडे केले होते. मोठी संख्या तपासायला भागाकार जास्त. शेवटच्या तुकड्याला पहिल्याच्या जवळपास तिप्पट काम. तीन कोअर मोकळे, चौथा घामाघूम.

(पुन्हा कळवा. पडद्यावर चार आलेख, एकेका कोअरच्या कामाचा.)

आता तुकडे बारीक केलेत. ज्याचा संपेल, त्याने पुढचा उचलायचा. लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय. चारही रेघा एकदमच खाली येतात.

बाहेरून कर्जत लोकल जाते.