कोलेस्टेरॉल तिरकं उभं राहतं तेव्हा

(हातात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, काचेची बरणी)

नमस्कार मंडळी. फोंड्यात आठ दिवस ऊन दिसलेलं नाही, त्यामुळे आजचा व्हिडिओ स्वयंपाकघरातूनच. मागे येतोय तो आवाज पावसाचा आहे, माईक बिघडलेला नाही. ही बरणी आईची. मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेत, घेतलेली सुंगटं, किसमूर हे तोंडीलावणं करायला आज बाहेर निघाली. ती बघून शेजारच्या काकी म्हणाल्या, "सुक्या नुस्त्यात (मासळीत) कोलेस्टेरॉल खराब होतं म्हणतात. खराब म्हणजे नेमकं काय होतं रे?"

प्रश्न झकास आहे. खराब म्हणजे कुजलेलं नव्हे. रेणूला एक जादा ऑक्सिजन चिकटतो, बस्स. पण तो कुठे चिकटतो, यावर पुढचं सगळं नाटक.

आधी एक घोळ निस्तरू. रिपोर्टमध्ये 'वाईट' म्हणून येतं ते एलडीएल आणि 'चांगलं' म्हणून येतं ते एचडीएल, या दोन्ही रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या गाड्या आहेत. आत बसलेला कोलेस्टेरॉलचा रेणू दोन्हींत तोच. आपण आज बोलतोय ते खुद्द रेणूच बदलतो त्याबद्दल.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं दुपदरी पटल असतं, जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचं. आता आमच्या गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट डोळ्यांसमोर आणा, सकाळच्या गर्दीची. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, डोकी वर, पाय गर्दीत. पटलाच्या एका पदरात फॉस्फोलिपिड, म्हणजे पटल बनवणारे चरबीचे रेणू, अशीच उभी असतात : डोकं पाण्याकडे, दोन लवचीक शेपट्या आत. दुसरा पदर याच्या बरोबर उलटा. या शेपट्या सारख्या वळवळतात. त्यांच्या मधोमध कोलेस्टेरॉल उभं राहतं. चार कड्यांचा ताठ सांगाडा, खाली आखूड शेपटी, आणि पाण्याची ओढ असलेला एकच ऑक्सिजन, तोही डोक्यावर. या ताठ गड्याला टेकून शेजारच्या शेपट्याही सरळ होतात, गर्दी घट्ट बसते, मधल्या फटी बुजतात. बाहेरच्या पटलात दर तीन लिपिड (चरबीच्या) रेणूंमागे साधारण एक कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे याला पाहुणा म्हणायची सोय नाही.

आता ऑक्सिजन येतो. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन. पाचव्या-सहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे, त्याच्या शेजारी सातवा. दुहेरी बंधाच्या शेजारामुळे सातव्यावरचा हायड्रोजन ढिला असतो. हवा, उष्णता, उजेड मिळाला की तिथेच पहिला घाव बसतो आणि तयार होतं ७-कीटोकोलेस्टेरॉल.

सातवा कार्बन म्हणजे फेरीतल्या गड्याची कंबर. आतापर्यंत फक्त डोक्याला पाण्याची ओढ होती, आता कंबरेलाही आहे. मग हा काय करतो? कलतो. आणि गर्दीत एक माणूस तिरका उभा राहिला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शेजारी नीट लागून उभे राहू शकत नाहीत, फटी पडतात. चरबीचे सूक्ष्म फुगे बनवून त्यांत ग्लुकोज भरलं, तर कोलेस्टेरॉल गळती चांगली रोखतं, ७-कीटो तितकी रोखत नाही. पटलात जे घट्ट, शिस्तीचे तुकडे असतात, ज्यांवर कित्येक प्रथिनं आपली कामं करतात, तेही यामुळे विस्कटतात. धमन्यांत साचणाऱ्या चरबीच्या थरांमध्ये हेच ७-कीटो भरपूर सापडतं.

पण ऑक्सिजन शेपटीला लागला तर? मला सगळ्यात आवडणारा भाग हा.

२५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल घ्या, म्हणजे शेपटीतल्या २५व्या कार्बनला ऑक्सिजन लागलेलं. याला डोकंही बाहेर हवं आणि पायही बाहेर हवेत. बिचाऱ्याला नीट उभंच राहता येत नाही, आणि पटलातून निसटणं मात्र फार सोपं जातं. एका पटलातून दुसऱ्या पटलात हा साध्या कोलेस्टेरॉलपेक्षा शेकडो पट वेगानं जातो. शरीर याचा मुद्दाम उपयोग करून घेतं. मेंदूत शरीरातलं जवळपास पाव कोलेस्टेरॉल असतं, पण रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत त्याला ओलांडता येत नाही. म्हणून मेंदूतलं एक एन्झाइम २४व्या कार्बनला ऑक्सिजन लावतं, रेणू निसरडा होतो, भिंत पार करून यकृताकडे जातो. विषाणू आला की आपल्या मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक) पेशी २५वालं बनवतात. त्यामुळे बाहेरच्या पटलातलं सुटं कोलेस्टेरॉल आत ओढलं जातं आणि अनेक विषाणूंना पटलाशी जुळून आत शिरणं जड जातं. तेव्हा 'ऑक्सिडाइज्ड म्हणजे विष' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला आधी विचारा, कितवा कार्बन?

आता काकींची सुंगटं. उन्हात वाळवलेल्या नुस्त्यात ऑक्सिजन लागलेलं कोलेस्टेरॉल खरंच मिळतं, कारण माशाचं तेल लवकर खवट होतं आणि जाता जाता कोलेस्टेरॉललाही ओढून नेतं. तूप फार कढवलं तरी तेच. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये भारतीय तुपाबद्दल हा मुद्दा आला होता. पण पोटात गेलेला प्रत्येक रेणू थेट धमनीत जाऊन बसतो असं नाही. उंदरांमध्ये तरी यकृत ७-कीटो पटापट मोडून टाकतं. किसमूर बंद करा असं मी सांगणार नाही, मला जेवायचंय या घरात.

बरणीचं मात्र सांगतो. हवा, उष्णता, उजेड हे तिन्ही शत्रू आठवा. ही पारदर्शक बरणी चूलीजवळच्या खिडकीत होती, झाकण अर्धवट. आता घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.