विणकरांच्या घरातला यॉर्की

मंडळी, समोर सोलापूरच्या पूर्वभागातली, म्हणजे विणकरांच्या वस्तीतली, बरीच माणसं दिसताहेत. म्हणून यॉर्कशायर टेरियरची, म्हणजे यॉर्कीची, गोष्ट मी विणकराच्या मागापासूनच सुरू करतो. रिबीन बांधून मांडीवर बसवलेला हा कुत्रा आपण फोटोत पाहतो, पण तो वाढला कामगारवस्तीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरला उतरले. लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड ही गिरण्यांची गावं. येताना त्यांनी आपले लांब केसांचे छोटे टेरियर बरोबर आणले. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं सोलापुरात आली आणि इथलीच झाली, तसंच हे. गिरणीत, खोलीत, सगळीकडे उंदीर; त्यांचा बंदोबस्त करणं हे या कुत्र्याचं काम. सोलापूरची आपली जुनी गिरणी १८७७ची. तिच्या बारा वर्षं आधी, १८६५ मध्ये, हडर्सफील्डला बेन नावाचा कुत्रा जन्मला. प्रदर्शनांत त्यानं बक्षिसं मिळवलीच, शिवाय उंदीर मारण्यातही तो पटाईत होता. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून तो गेला. जेमतेम सहा वर्षांचं आयुष्य, पण या जातीचा मूळपुरुष म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. पुढे १८८६ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली.

याची धमक कळायला स्मोकीची हकिगत ऐका. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात ही यॉर्की कुत्री सापडली. बिल विन या अमेरिकन सैनिकानं तिला सांभाळलं. फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालून टेलिफोनची तार ओढायची होती आणि मधली मोरी होती आठ इंच रुंद, सत्तर फूट लांब. पट्ट्याला दोरी बांधली, पलीकडून विननं हाका मारल्या आणि स्मोकी अंधारातून पार निघाली. खणायचं काम वाचलं, आणि खणणाऱ्यांचे जीवही.

तोच स्वभाव तुमच्या घरातल्या यॉर्कीत आहे. वजन तीन किलोच्या आसपास, पण गल्लीतल्या थोराड कुत्र्यावरही तो धावून जाणार. बेल वाजली की भुंकणार. लहान आहे म्हणून सगळं चालवून घेतलं, की तो घरावर राज्य करतो. बस, थांब, ये, हे त्याला शिकवा. हुशार आहे, पटकन शिकतो. रस्त्यावर दोरी सोडू नका. गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस घाला, कारण या जातीची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढाताणीनं खोकला बळावतो.

आता आपल्या सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. फिरणं उजाडायच्या आत, नाहीतर रस्ता निवल्यावर. डांबरावर आपला तळहात टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. उन्हाळा म्हणून मुळापर्यंत केस भादरू नका, कातडी भाजते. बेताचे कापा आणि रोज विंचरा. याचे केस रेशमी, खाली लोकरीचा थर नसतो, त्यामुळे गळतात कमी पण गुंततात फार.

दातांकडे मात्र बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. इवल्याशा जबड्यात दातांची दाटी, त्यात दुधाचे दात अनेकदा पडतच नाहीत. कुत्र्याच्या पेस्टनं रोज घासा, आपली पेस्ट वापरू नका.

खाण्यात दोन गोष्टी हात जोडून सांगतो. आपल्या जिल्ह्यात द्राक्षं, बेदाणे घरोघरी. त्यातला एक दाणाही देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि भाकरीला शेंगाचटणी लावून प्रेमानं भरवू नका. त्यातला लसूण त्याला विषारी.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आधी आई बघायला मागा. ‘टीकप’ म्हणून जास्त पैसे मागतील. तशी वेगळी जात नाही, ती मुद्दाम खुजी केलेली पिल्लं असतात. इतक्या लहान जिवाच्या रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्यानं उतरते. पिल्लू लटपटायला लागलं तर हिरडीला मध चोळा आणि तडक डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका.